मनगटाखालची उशी

माझ्या नाकावर राग आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बायको म्हणायची, तुमी मशीनशी गोडीत बोलता आन् माणसाशी बोलायला पाना उचलता. ते काही खोटं नव्हतं. यंत्र बिघडलं तर त्याचं कारण सापडतं आणि ते दूर केलं की यंत्र मुकाट चालू लागतं. माणसाचं तसं नसतं, म्हणून मला माणसांचा लवकर कंटाळा यायचा. एका बाबतीत मात्र मी यंत्र आणि माणूस दोन्ही चुकीचं वाचलं. त्याबद्दल लिहायला बसलो आहे.

नव्वदीच्या दशकात मी टाइपरायटर दुरुस्त करायचो. वसमतला माझं एवढंसं दुकान होतं, आणि आठवड्यातून एकदा पिशवी खांद्याला लावून मी हिंगोली, कळमनुरी, औंढा असा फिरायचो. टायपिंग इन्स्टिट्यूट, कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारे टायपिस्ट, कुठल्या कुठल्या सोसायट्यांची ऑफिसं, सगळीकडची मशिनं माझ्या हाताखालून जायची. मशीन उघडलं की ते वापरणारा माणूस मला कळायचा. कुणाची डावी करंगळी कमजोर आहे, कुणी पाच कार्बन घालून अक्षरं हाणतो, कुणी घरचं भांडण घेऊन मशीनवर बसतो, हे सगळं झिजलेल्या बटणांवर आणि रबरी रुळावर उमटलेलं असायचं. हे मला वाचता येतं, याचा मला फार गर्व होता.

टाइपरायटरचं टेबल बुटकं असायचं. हात वरून यायचा, मनगट हवेत राहायचं, बोटं खाली पडायची. मनगट टेकवायला जागाच नसायची. माझ्या हाताला ही गोष्ट माहीत होती, पण डोक्याला कधी तिचा विचार करावासा वाटला नव्हता.

मग आमचा जिल्हा परभणीपासून वेगळा झाला आणि त्याच सुमाराला कॉम्प्युटर आले. दोन-तीन वर्षांत इन्स्टिट्यूटवाले मशिनं भंगारात घालू लागले. ज्या मशिनांना मी वर्षानुवर्षं तेलपाणी केलं, ती हातगाड्यावर उलटी टाकलेली बघून मी एक-दोनदा रस्ता बदलून गेलो. पण पोट होतं. नांदेडला एका ओळखीच्या माणसाकडं महिनाभर जाऊन मी कॉम्प्युटरची जोडणी, सफाई, तारा शिकलो आणि परत आलो. त्याच वेळी वसमतमध्ये एका ठेकेदारानं जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम घेतलं होतं. खताच्या दुकानावरच्या माडीत त्यानं चौदा कॉम्प्युटर मांडले. मशिनं सांभाळायला मला ठेवलं.

कामाला दोन पुरुष आणि बारा बायका होत्या. बायका जागेवरून उठत नाहीत, चहाला जात नाहीत, असं ठेकेदाराचं म्हणणं होतं. ते त्याच्या फायद्याचं होतं. आजूबाजूच्या गावांतून त्या बसनं यायच्या. काही दहावी-बारावी झालेल्या पोरी होत्या, काही सुना होत्या, तांड्यावरची एक होती. रोज इतकी पानं व्हायलाच पाहिजेत असा दंडक होता. ज्याची पानं सतत कमी भरतील, त्याला पुढच्या महिन्यात बोलावणं नसायचं.

सगळ्यांत जास्त पानं हट्ट्याहून येणाऱ्या एका बाईंची व्हायची. सगळ्या त्यांना ताई म्हणायच्या, मीही म्हणायचो. मी त्यांना आधीपासून ओळखत होतो. नवी नवरी असताना त्या टायपिंग शिकायला वसमतला यायच्या आणि त्यांचा नवरा इन्स्टिट्यूटबाहेर सायकल धरून तासभर उभा असायचा. पुढं तो तापानं गेला. लेक शाळेत होती. भाऊ म्हणत होता, आमच्याकडं ये, दोन घास तुलाही मिळतील. पण भावाच्या घरी विधवा बहीण म्हणजे काय, हे त्यांना समोरच्या घरात दिसत होतं. त्यांना जायचं नव्हतं. जावं लागू नये म्हणून त्यांच्याकडं फक्त दहा बोटं होती.

पहिल्या वर्षी माझं मुख्य काम म्हणजे कीबोर्ड साफ करणं. उलटा करून झटकला की त्यातून काय काय पडायचं. केस, बिस्किटाचा चुरा, कुंकू, आणि सगळ्यांत जास्त काचा. बांगड्यांच्या काचा. टेबलाच्या कडेवर बांगडी आपटली की टवका उडायचा आणि नेमका बटणांच्या फटीत जाऊन बसायचा. मग बटण अडकायचं आणि मला हाक यायची. बायकांच्या बांगड्यांचा आवाज दिवसभर कानात घुमायचा, ते वेगळंच. मी वैतागून गेलो होतो.

त्यात दोन्ही पुरुषांनी आणि एका कॉलेजच्या पोरीनं मनगट दुखतं अशी तक्रार सुरू केली. टेबलं जेवायच्या टेबलाएवढी उंच होती, टेकवलेली मनगटं कडेवर दाबली जायची. नांदेडहून आणलेल्या एका माहितीपत्रकात मी चित्र पाहिलं होतं. त्यात कीबोर्डपुढं एक लांबट उशी होती आणि माणसाची मनगटं त्या उशीवर निवांत टेकलेली होती. मी ते चित्र घरी नेलं. बायकोला म्हणलं, हंड्याखाली घेता तसली चुंबळ, पण लांब शिवून दे. तिनं जुन्या लुगड्याच्या खोळीत कापूस भरून चौदा उशा शिवल्या. मी प्रत्येक उशी कीबोर्डच्या उंचीला बरोबर येते का, हे पट्टी लावून तपासलं. कीबोर्डमागचे दोन छोटे पाय उघडले, म्हणजे बटणं डोळ्यांपुढं नीट येतील. मला वाटलं, आपण काहीतरी शोधच लावला.

उशा मांडल्या त्या दिवशी बायकांना हसू आवरेना. आता डोक्यावर घागर घेऊनच टाइप करायचं राहिलं, असं एकीनं म्हणलं. मलाही हसू आलं. पण लगेच मी मुद्द्यावर आलो. मनगट उशीवर टेकवायचं तर बांगड्या मधे येतात. म्हणून कामाच्या वेळी बांगड्या काढून ठेवायच्या, नाहीतर कोपराकडं सरकवायच्या, असं मी सांगितलं. हसू जागच्या जागी थांबलं. एक म्हणाली, काढायच्या कशा, लग्नाच्या हायेत. दुसरी म्हणाली, मोकळ्या हातानं घरी गेलं तर सासू दारातच उभं करील. तांड्यावरच्या बाईच्या बांगड्या तर कोपराच्याही वर गेलेल्या होत्या. 

मला राग आला. चौदा उशा शिवून आणल्या होत्या, त्यांचं कुणाला काही नव्हतं. खोलीत बघितलं तर एका जागी मला पाहिजे तसे हात दिसले. उघडे, मोकळे, उशीवर टेकलेले. मी बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो:

"ह्या ताईंचे हात बघा. मोकळे आहेत. कामाला असेच हात लागतात. चांगले हात आहेत."

 सगळ्या खाली माना घालून कामाला लागल्या. मला वाटलं, पटलं.

संध्याकाळी हे मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. तिनं हळू विचारलं, "तुमाला कळलं का, तुमी काय बोललात ते?" मी विचारलं, काय बोललो. ती पुन्हा मळायला लागली. तेव्हा मला कळलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.  मी चांगलं बोलायला गेलो नव्हतो, मी माझी उशी खरी करायला गेलो होतो. त्यासाठी एका बाईचं वैधव्य सगळ्यांपुढं उचलून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाकडं जायचं टाळलं. दुरून पाहिलं तर ताई नेहमीसारख्या आल्या, खुर्ची ओढली, आणि दोन्ही मनगटं जपून उशीच्या मधोमध ठेवली. मग टायपिंगला सुरुवात केली. मला हायसं वाटलं. त्यांनी मनाला लावून घेतलेलं दिसत नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि माफी मागायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं.

आठ-नऊ महिने गेले. बांगड्यांचा नाद मी सोडून दिला. काचा पडत राहिल्या, मी झटकत राहिलो. मग माझ्या कानावर आलं की ताईंची पानं कमी पडू लागली आहेत. मी लक्ष देऊन पाहिलं. उजव्या हाताचं पहिलं बोट त्या वापरतच नव्हत्या, त्याचं काम मधल्या बोटाकडून करून घेत होत्या. दुपारी डबा खाताना भाकरी डाव्या हातानं मोडत होत्या. शेजारच्या पोरीनं मला सांगितलं की त्यांच्या बोटांना मुंग्या येतात, भाजीत मीठ घालताना चिमूट धरता येत नाही, वेणी लेक घालून देते. कुणाला सांगू नको म्हणून त्यांनी तिला शपथ घातली होती. ठेकेदारानं दोन महिने बघितलं. तिसऱ्या महिन्याला त्यानं ताईंना माझ्यासमोरच स्पष्ट सांगितलं की पुढच्या महिन्यात पानं भरली नाहीत तर दुसरी बाई बघावी लागेल.

त्या दिवाळीच्या आधी मी उशा घरी नेल्या. खोळी धुवायच्या आणि कापूस पिंजून परत भरायचा, असं ठरलं होतं. अंगणात चौदा उशा ओळीनं मांडल्या.  दहा उशा जशाच्या तशा फुगलेल्या होत्या. वर्षभर वापरूनही त्यांच्यावर सुरकुती नव्हती. तीन उशा थोड्या बसलेल्या होत्या. दोन पुरुषांच्या आणि कॉलेजच्या पोरीची, जिच्या हातात नुसतं घड्याळ असायचं. चौदाव्या उशीत दोन खड्डे होते. कापूस दगडासारखा घट्ट झाला होता आणि खोळ तिथं झिजून तिचे धागे सुटले होते. ती कुणाची, हे मला विचारावं लागलं नाही.

 बांगड्यावाल्या बायकांनी माझ्या उशीला हातच लावला नव्हता. बांगडी फुटू नये म्हणून त्या मनगट वर धरायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हवेत धरायच्या, जसं टाइपरायटरवर धरायला लागायचं तसं. त्यांच्यातल्या एकीनंही दुखतंय अशी तक्रार केली नव्हती. दुखत होतं ते फक्त मनगट टेकवणाऱ्यांचं, माझं ऐकणाऱ्यांचं. आणि सगळ्यांत जास्त ज्यांनी ऐकलं, त्यांची बोटं मेली होती. मशीन बघून माणूस ओळखतो म्हणणारा मी, मला हे समजायला वर्ष लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका डबे धुवायला खाली गेल्या तेव्हा मी ताईंच्या टेबलापाशी गेलो. हात दाखवा म्हणलं. त्यांनी आधी पदराखाली घेतले, मग पुढं केले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला फुगीर भाग आत गेला होता. मी उशीबद्दल सगळं सांगितलं. मग आधी माझा रागच बाहेर आला, मी विचारलं की टाइपरायटरवर तुम्ही तासन्‌तास बसायचात, तेव्हा कधी दुखलं का. त्या म्हणाल्या, न्हाई. मी विचारलं, मग ह्या उशीनं दुखतंय हे तुम्हाला कळलं नाही का. त्या म्हणाल्या, कळलं होतं, दोनच महिन्यांत कळलं होतं. मी म्हणलं, मग ती काढून फेकून का दिली नाही, मला का सांगितलं नाही.

त्या हाताकडंच बघत होत्या. मग म्हणाल्या:

"मिस्तरी, तुमी त्या दिवशी समद्यायसमोर ह्या हाताला चांगलं म्हणलात. तीन वर्सं झाली होती. कुणी वटी भरायला बोलवत न्हाई, कुणाच्या लेकराला टीट लावू देत न्हाई. ह्या हाताला कुणी चांगलं म्हणलं न्हवतं. मंग त्या उशीवरून हात कसा उचलू?"

 वर्षभर मी समजत होतो की मी त्यांचा अपमान केला, आणि त्यांनी तो गिळला. तसं असतं तर माफी मागून मोकळा तरी झालो असतो. माझ्या फटकळ तोंडातून अनवधानानं पडलेला एक शब्द त्यांनी आपल्याजवळ ठेवला होता, आणि त्याची किंमत मनगटानं दिली होती. मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून रडलो. त्या म्हणाल्या, असं नका करू, बायका वर येतील.

नांदेडच्या डॉक्टरांनी मनगटात नस दबल्याचं सांगितलं. ऑपरेशन करा, नाहीतर हात थांबवा. ऑपरेशनला ताई तयार नव्हत्या, आणि हात थांबवला तर महिनाअखेरीला काम जाणार होतं. मी चार दिवस दुकान बंद ठेवलं. आता मला चित्रातली उशी नको होती, मला बांगडी जे काम करते ते करणारं टेबल पाहिजे होतं. मनगटाला खाली जायला जागाच नसलेलं.

पहिल्यांदा मी त्यांच्या टेबलाचे पाय चार बोटं कापले, म्हणजे कोपर आणि बटणं एका पातळीत आली. मग कीबोर्डसाठी एक वेगळी फळी केली, पुढच्या बाजूला उंच आणि पलीकडं उतरती, माहितीपत्रकाच्या बरोबर उलटी. फळीची पुढची कड कीबोर्डच्या कडेलाच संपत होती, त्यापुढं हाताखाली काहीच नव्हतं. कीबोर्डचे मागचे पाय मी पकडीनं मोडून टाकले. सुताराला हसू आलं, म्हणाला, लोक टेबलावरून वस्तू घसरू नये म्हणून बघतात आणि तुम्ही मुद्दाम उतार काढून राहिलात. मी त्याच्यावर खेकसलो नाही. मी स्वतः आधी तिथं बसून पाच पानं टाइप केली. हात दमले, पण दुखले नाहीत.

ताई बसल्या. सवयीनं मनगटं खाली गेली आणि टेकायला काही न मिळाल्यामुळं परत वर आली. असं कितीतरी वेळा झालं. आठवडाभरानं डावा हात मोकळा वाटू लागल्याचं त्यांनी सांगितलं. महिन्यानं डाव्या हाताच्या मुंग्या गेल्या. उजवा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. चिमूट येऊ लागली, बोटात ताकद आली नाही. पानं निम्म्यावरच राहिली.

महिना संपला तेव्हा ठेकेदारानं मला बोलावलं. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला त्याचं काम उरकायचं होतं. मी त्याला सांगितलं की नवीन काम येतंय, मशिनं वाढतील, नवीन वीस पोरी बसतील, त्यांना टायपिंग कोण शिकवणार आणि हात कसा धरायचा हे कोण दाखवणार. मला दाखवता येतं, पण पोरींच्या मनगटाला मी हात लावू शकत नाही. ताईंना ठेवा. तो म्हणाला, जिचा स्वतःचा हात गेला ती दुसऱ्याला काय शिकवणार. मी म्हणालो, "हात कसा जातो ते तिलाच माहीत हाय. आन् ती गेली तर तुमच्या मशीनला मीबी हात लावनार न्हाई."  शेवटी एक महिना बघू म्हणाला.

सगळी टेबलं मी त्या महिन्यात कापली. ताई ओळींमधून फिरायच्या. कुणाचं मनगट खाली आलेलं दिसलं की मागून जाऊन दोन बोटं मनगटाखाली घालायच्या आणि अलगद वर उचलायच्या. बोलायच्या नाहीत. नवीन पोरी पटकन शिकत होत्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र कुरकुर सुरू झाली. नव्यानं लग्न झालेली एक सून होती, तिच्या सासूला कुठून तरी कळलं. विधवेचा हात आमच्या सुनेच्या चुड्याला लागतो, लग्नाला वर्ष व्हायच्या आत हे बरं न्हाई, असं ती खाली खताच्या दुकानापाशी येऊन बोलून गेली. सुनेचं येणं बंद झालं. मी उठून त्या सासूच्या घरी निघालो होतो, ताईंनी मला अडवलं. म्हणाल्या, राहू द्या, तिच्या जागी मी असते तर मीबी घाबरले असते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हातात लाकडी फूटपट्टी घेतली. मनगटाखाली बोटांऐवजी पट्टी घालायच्या आणि उचलायच्या. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. त्या पट्टीकडं बघवायचं नाही मला. पण मी काय बोलणार होतो, माझ्या बोलण्यानं काय होतं ते मी बघितलं होतं. ठेकेदाराच्या डोक्यात मात्र सासूचं बोलणं बसलं होतं. आणखी दोन-चार घरच्यांनी पोरी पाठवायचं बंद केलं तर काम अडेल, अशी त्याला भीती होती. महिना भरायला दोन दिवस राहिले तेव्हा त्यानं मला सांगितलं की उद्या वर येऊन तो ताईंना थांबायला सांगणार आहे. मी भांडलो. तो म्हणाला, तुमी जायचं तर जा, मशीनवाला नांदेडहूनबी येतो.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा खोलीत नुसता बटणांचा आवाज होता. एका टेबलावर एक पोरगी बसली होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली, बारावी झालेली, ताईंनीच तिला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. चार दिवसांवर तिचं लग्न होतं. घरचे नको म्हणत असताना आपलं अर्धं राहिलेलं रजिस्टर पुरं करायला ती आली होती. आदल्या दिवशीच कासारानं तिला चुडा भरला होता. दोन्ही हातांत गच्च हिरव्या बांगड्या होत्या, आणि त्या फुटू नयेत म्हणून तिची मनगटं आपोआपच वर होती. तिला शिकवण्यासारखं काही नव्हतं. ताई तिच्या मागून जाताना थोड्या अंग चोरूनच पुढं निघाल्या, पदर आवरून, चुड्यापासून लांब. ठेकेदार दारात उभा राहून बघत होता. मीही.

पोरीनं टाइप करणं थांबवलं. मान न वळवता दोन्ही मनगटं तिनं सावकाश खाली सोडली. फळीच्या कडेवर बांगड्या टेकल्या, काचेचा बारीक आवाज झाला. तिच्याकडून असं चुकून होणं शक्यच नव्हतं. ताई मागं वळल्या. हातातली पट्टी त्यांनी पुढं केली.

पोरीनं ती पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवली. खण लावून घेतला. मग मनगटं पुन्हा होती तिथंच खाली ठेवली आणि ती वाट बघत बसली.

 ठेकेदारानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या दोघींकडं, आणि जे सांगायला आला होता ते न सांगताच जिना उतरून गेला. ताईंचा उजवा हात पूर्ण बरा झालेलाच नव्हता. त्यांनी तोच हात पुढं केला, दोन बोटं चुड्याखाली घातली आणि मनगट वर उचललं.